पावणेचार तासांची मांडी

दोष विद्याधर आंबर्डेकरांचा. एकट्या त्यांचा. आणि हे मी त्यांच्याच मुलाच्या डाव्या गुडघ्याखालून बोलतोय, त्यामुळे ऐकीव बातमी समजू नका.

मी एक मज्जातंतू आहे. तुम्ही मला शीर म्हणता. रक्त नेते तिलाही शीरच म्हणता, पोटरीत गोळा आला की शिरेवर शीर चढली म्हणता. चालू द्या. माझी बिनपगारी सेवा घेऊन माझं नावही नीट न घेणारे तुम्ही पहिले नाही.

माझा धनी मल्हार. घर कानडी मुलखातल्या शहरात, मल्लेश्वरमला, पंधराव्या क्रॉसला. मल्हार आईच्या पोटात घेवड्याच्या दाण्याएवढा होता तेव्हाच मी त्याच्या कंबरेतून निघालो. खाली काय आहे ते मला ठाऊक नव्हतं. पाय म्हणून जे होतं ते अजून नुसतं बोंडूक होतं. तरी निघालो. मांडीपर्यंत आम्ही दोघे भाऊ एकाच वेष्टनात होतो, करंगळीएवढ्या जाडीचे. गुडघ्याच्या वर आमची फाटाफूट झाली. भाऊ शहाणा. तो सरळ मधून खाली गेला, पोटरीच्या मऊ गादीत. मी बाहेरचा रस्ता धरला.

गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जरा खाली, हाडाचं एक टेंगूळ असतं. लावा बोट. लावा हो, कोणी बघत नाही. त्या टेंगळाखाली हाडाला वळसा घालून मी पुढे नडगीकडे उतरतो. वर फक्त कातडी. भावाला आतली खोली, मला रस्त्यावरची गॅलरी. पण वारा लागतो, मजा असते!

आमच्या वाटण्या सरळ आहेत. भाऊ पाऊल खाली दाबतो, मी वर उचलतो. वरून हुकूम सुटतो, माझ्या एकेका धाग्यातून सणसणत खाली येतो. मल्हारच्या कंबरेपासून नडगीच्या स्नायूपर्यंत तो धागा अखंड आहे, मध्ये कुठे गाठ नाही. टोकाला मी स्नायूला चिकटत मात्र नाही. केसाहूनही बारीक फट असते. त्या फटीत मी एक इवलासा थेंब सोडतो आणि स्नायू टुणकन आखडतो. एका धाग्याच्या हाताखाली शेकडो तंतू. हळू उचलायचं असेल तर थोडे धागे बोलतात. साप दिसला तर सगळे एकदम बोंबलतात.

पण ही झाली अर्धी नोकरी. उरलेली अर्धी खबर द्यायची. स्नायूच्या पोटात बारीक वेटोळी असतात, स्नायू किती ताणलाय ते ती जोखतात. स्नायू जिथे हाडाला बांधलाय तिथे दुसरे पहारेकरी, ओढ किती बसली ते बघतात. सगळं ऐकून मी वर पाठवतो, दर क्षणाला, न मागता. म्हणून तर डोळे मिटून तुम्ही सांगू शकता तुमचं पाऊल कुठे आहे ते. करून बघा. सापडलं? आभार मानू नका, मला सवय नाही.

हुकूम खाली, खबर वर. दोन्ही चालू असेल तरच माणूस चालतो. मल्हारच्या घरात पहिलंच तेवढं चालू होतं.

विद्याधरराव सत्तर साली सांगलीहून इथल्या सरकारी कारखान्यात आले. तिथे मापं घ्यायची यंत्रं बनतात आणि हे तपासणी खात्यात. दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूत केसाएवढी चूक शोधायची आणि वस्तू परत पाठवायची, हा सत्तावीस वर्षांचा धंदा. घरी आल्यावर तपासायला मल्हार. मल्हारने दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग सोडलं तेव्हा हे पंधरा दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. सोळाव्या दिवशी बोलले ते आईला सांगून.

“नीला, त्याला विचार, गाड्यांच्या तेलात हात घालून पोट भरणार आहे का म्हणावं.”

मल्हार समोरच बसला होता, हातात आंबोळी. “आई, त्यांना सांग, भरणार आहे म्हणावं.”

“दोघांनी गप्प गिळा,” आई म्हणाली. “मी टेलिफोन आहे का?”

आणि आता ती मोटारसायकल! आहाहा! शंभर सीसीची, जुनी, टाकीचा रंग उडालेला. गाडी बाबांच्या नावावर होती, पण गाडीचा डावा पाय मी होतो. तुम्ही चालवत असाल तर तुम्हाला कळेल. डाव्या पायाने गिअर. पहिला गिअर खाली दाबायचा, तो भावाचा. दुसरा, तिसरा, चौथा बोटांनी वर उचलायचा. ते तिन्ही माझे! गाडी ओरडायला लागली की वरून इशारा, मी थेंब सोडला, पाऊल टक्क वर, गाडी सुटली. लिव्हर बसला की नाही हे मल्हारच्या डोक्याला मीच सांगणार, तेही त्याने विचारायच्या आत. येलहंकाच्या पलीकडच्या मातीच्या मैदानावर आम्ही इतक्या चकरा मारल्या की मला वाटायचं मी कंबरेतून निघालो तो याचसाठी. शाळेत दहा वर्षं मी नुसता बाकाखाली लोंबत होतो.

त्या मैदानावर रघुपती भेटला. गॅरेजवाला, पोट पुढे, शिट्टी गळ्यात. मातीच्या शर्यतींसाठी त्याचा स्वतःचा छोटा संघ होता. सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत त्याने सांगितलं, नवशिक्यांच्या गटात एक जागा आहे. एकच. वय एकवीसच्या आत हवं. निवड बुधवारी सकाळी, आपापली गाडी घेऊन या. निवडलेल्याला गाडी, टायर, पेट्रोल सगळं संघाचं आणि महिन्याला पगार.

मल्हारला डिसेंबरात एकवीस पूर्ण होणार होती. म्हणजे हीच वेळ. दुसरी नाही.

तो घरी आला तर गाडीची किल्ली गायब. बाबांनी ती देवघरात ठेवली होती, गंधाच्या सहाणेखाली.

“मंगळवारी गणेशजयंती,” बाबा म्हणाले. या वेळी थेट बोलले. “आपल्याकडे सहस्रावर्तन ठेवलंय. अकरा जण, प्रत्येकी एक्याण्णव आवर्तनं. तू एका आसनावर, एका मांडीवर बसायचंस. हलायचं नाही. तुला सद्बुद्धी व्हावी म्हणून मी संकल्प सोडणार आहे.”

“आणि किल्ली?”

“पूर्ण झालं की किल्ली.”

मल्हारने हिशेब केला: एक दिवस मांडी घालायची, जन्मभर गाडी चालवायची. मलाही सौदा बरा वाटला. मी काय जन्मभर मांडी घालणाऱ्यांच्या देशात वाढलेला! अर्ध्या तासाची मांडी मला रोजची.

मंगळवारी सकाळी भीमाचार्य आले. मल्लेश्वरमचेच, घरात कन्नड, आमच्याकडे त्यांचं एक वेगळंच मराठी. बाकीचे नऊ जण कारखान्यातले मराठी काका, निवृत्त किंवा निवृत्तीला टेकलेले. सगळ्यांना चटया. मल्हारला बाबांनी खास आजोबांचा पाट दिला, शिसवी, कडेला पितळी पट्टी ठोकलेला. मल्हार उंच, पाय लांब, अंगावर मांस नाही. मांडी घातली तर गुडघे पाटाबाहेर. आणि पाटाची ती पितळी कड आली बरोबर माझ्या टेंगळाखाली.

बाबा स्वतः कुठे बसले? खुर्चीवर. गुडघे दुखतात म्हणून. मागे उशी.

पहिली दहा आवर्तनं छान गेली. अकरा आवाज, उदबत्ती, स्वयंपाकघरात मोदकांचा वास. विसाव्याला मला कड टोचायला लागली. मी खबर पाठवली: दाब आहे, बघा जरा. वरून हुकूम निघाला, सरक. मल्हारने गुडघा इंचभर उचलला.

“हलू नकोस,” खुर्चीवरून.

गुडघा परत कडेवर.

तिसाव्याला मी मुंग्या पाठवल्या. मुंग्या म्हणजे माझी आरोळी आहे, बरं का. दाबाने माझं रक्त तुटतं, धागे गुदमरतात, मग मी वाट्टेल ते ओरडतो. भीमाचार्यांनी तोवर तिसऱ्यांदा पाय बदलला होता. काका लोक तर गोधडीतल्या मांजरांसारखे चुळबुळत होते. एकाने भिंतीला पाय लावून दिले होते.

“बाबा, पायाला मुंग्या आल्यात.”

“येऊ देत. देह कुरकुरतो तेव्हाच मन बसायला लागतं.”

भीमाचार्य आवर्तन थांबवून म्हणाले, “अय्यो, आंबर्डेकर, मुलगा आहे. स्वल्प पाय सोडू दे. देव काय रागवत नाही.”

“आचार्य, नियम म्हणजे नियम.”

“नियम मी सांगणार की तुम्ही?”

“संकल्प माझा आहे,” बाबा म्हणाले. तपासणी खात्याचा तो आवाज. वस्तू परत पाठवणारा.

मल्हार उठून जाऊ शकला असता. मला ते आजवर खुपतं. पण किल्ली सहाणेखाली होती आणि बुधवार उद्यावर होता. त्याने दात आवळले आणि हलला नाही. मी मुंग्या पाठवत राहिलो, मग गरम पाठवलं, मग गार पाठवलं. पन्नाशीच्या पुढे माझ्याकडे पाठवायला काही उरलं नाही.

“गेल्या मुंग्या,” मल्हार पुटपुटला.

“बघ!” बाबा म्हणाले. “सांगत नव्हतो?”

पावणेचार तास. एक हजार एक आवर्तनं. आरती झाली. मल्हार उठला, डावं पाऊल टाकलं आणि थेट मोदकांच्या ताटात गेला, साष्टांग. एकवीस मोदकांतले सोळा त्याच्या छातीखाली. काका लोक इतके हसले की एकाची कवळी तबकात पडली. मल्हारही हसत होता. पाय झोपला असेल, उठेल, सगळ्यांनाच वाटलं. बाबांनी तेवढ्यात किल्ली आणून त्याच्या तळव्यावर ठेवली. शब्दाचे पक्के, ते मी नाकारत नाही.

संध्याकाळपर्यंत पाय उठला नाही. मल्हार चालला की फटक, फटक. गुडघा उंच उचलायचा, पाऊल लोंबायचं, जमिनीवर आपटायचं. आईने तेल चोळलं. मला तिचे हात कळले नाहीत.

बुधवारी सकाळी आम्ही मैदानात. आठ पोरं, पाच चकरा. शिट्टी वाजली आणि भावाने पहिला गिअर धाडकन टाकला, शाबास! गाडी उडाली. आम्ही पुढे होतो! माती मागे, ऊन समोर, इंजीन किंचाळतंय, वरून हुकूम सुटला: वर! दुसरा!

हुकूम गुडघ्यापर्यंत आला. टेंगळाला आला आणि थांबला. त्याच्या खाली मी मेलेल्या दोरीसारखा पडलो होतो. वर! वर! वर! मल्हार मारे ओरडतोय आणि पाऊल लिव्हरखाली ढिम्म. त्याने मांडीच्या जोरावर अख्खा पाय उचलला, पंजा लोंबून लिव्हरवरून घसरला. मग त्या येड्याने काय करावं? क्लच सोडला, धावत्या गाडीवर खाली वाकला आणि डाव्या हाताने लिव्हर उपटून वर ओढला. लागला दुसरा! बघणारी पोरं टाळ्या वाजवत होती. मी हसलो असतो, हसता येत असतं तर.

दुसऱ्या गिअरमध्ये चार चकरा काढल्या. लोक चौथ्यात होते, आम्ही दुसऱ्यात, आणि तरी आठांत तिसरे. अजून एक चक्कर आणि एक डावं वळण. मातीत वळताना आतला पाय बाहेर काढून जमिनीवरून हलकेच सरकवायचा असतो, बोटं वर. बोटं वर! आजवर हजार वेळा केलेलं. मल्हारने पाय काढला. बोटं खाली होती आणि ती खाली आहेत ही खबर कोणी दिली नाही, कारण ती द्यायचं काम माझं. बूट मातीत रुतला, पाय मागे राहिला, गाडी पुढे गेली.

हाड मोडलं नाही. धूळ बसायच्या आत रघुपती पळत आला.

“एनप्पा मराठी, काय रे हे, पाय आत मुडपला तुझा! कुठे होता पाय?”

“माहीत नाही,” मल्हार म्हणाला.

“माहीत नाही म्हणजे? तुझाच ना?”

मल्हार वाकून पायाकडे बघत होता, एखाद्याने हरवलेली वस्तू बघावी तसा. मग त्याला हसू फुटलं. मातीत बसून तो इतका हसला की रघुपतीने त्याचं हेल्मेट तपासलं. शेवटी रघुपती म्हणाला, “सरी, ठीक आहे. घरी जा. आधी डॉक्टर.” आणि त्याच्या वहीत दुसऱ्या पोराचं नाव लिहिलं. के. आर. पुरमचा पोरगा. बरा चालवतो. मी खोटं बोलणार नाही, आमच्याइतका नाही.

डॉक्टरांकडे बाबा बरोबर आले. मल्हारला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर बाबा देत होते. कधीपासून, कुठे बधिर, सगळं. जणू पाय त्यांचा. डॉक्टरांनी टेंगळाखाली बोट ठेवून विचारलं, “मांडी घालून बसला होता का? किती वेळ?”

“पावणेचार तास,” बाबा ताठ होऊन म्हणाले. “एकदाही हलला नाही.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “पाय बधिर होईपर्यंत? हलू नको कोणी सांगितलं?”

बाबा भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे बघायला लागले.

“यांनी,” आई म्हणाली.

दाबाखाली माझं बाहेरचं वेष्टन टिकलं होतं, आतले बरेच धागे मात्र टेंगळापासून खाली सुकले होते. ते पुन्हा वाढणार, जुन्याच नळीतून, पण दिवसाला एक मिलिमीटर. नखसुद्धा चिडवेल इतकं हळू नाही, पण त्याला धावणंही कोणी म्हणणार नाही. मल्हार कावेरीकडे जायला लागला, व्यायाम शिकवणारी, वेणी घट्ट आणि जीभ तिखट. ती त्याच्या नडगीवर बोटाने टकटक करत खाली जायची. जिथे टकटक केल्यावर पावलात झिणझिणी जाते तिथवर मी पोचलो असं समजायचं. तिथे ती पेनने निळा ठिपका काढायची.

“आता पाय वर उचल.”

“उचलत नाहीये.”

“माहीत आहे. तू सांग. रोज शंभरदा सांग. ऐकत नाही म्हणून सांगायचं सोडायचं नाही. आणि सांगून झालं की गप्प राहून ऐक, काही परत येतंय का.”

“हे आमच्या बाबांना सांगा ना, अक्का.”

“अंकल बाहेर बसलेत. आत बोलावू?”

मी खालून टाळी दिली, पोचली नाही.

बाबांनी काय केलं ऐका. कारखान्यातून मापाचा व्हर्नियर आणला. दर रविवारी मल्हारला खुर्चीत बसवून, स्वतः खाली जमिनीवर बसून, टेंगळापासून ठिपक्यापर्यंतचं अंतर मोजायचे आणि आलेखाच्या कागदावर टिंब मारायचे. दुखणाऱ्या गुडघ्यांनी जमिनीवर! मार्चात एकवीस मिलिमीटर. एप्रिलात पन्नास. रोज संध्याकाळी घरात आल्याआल्या विचारायचे, “आज काही कळतंय?” आणि उत्तर येईपर्यंत थांबायचे. वीस वर्षांत खालची खबर ऐकायला हा माणूस पहिल्यांदा थांबत होता. त्यासाठी माझा जीव जावा लागला. माझं चुकलं, हे शब्द मात्र त्या कागदावर कुठे नाहीत. मी प्रत्येक रविवारी वाट बघितली.

जूनच्या एका सकाळी मल्हार दात घासता घासता सवयीने म्हणाला, वर. आणि मी पोचलो होतो! एकच धागा, काडीएवढा, पण पोचलो! फट सापडली, थेंब सोडला, नडगीत काहीतरी फडफडलं. पापणी लवावी तेवढंच. मी लगेच उलट खबर धाडली: हललं! हललं! मल्हार फेस भरल्या तोंडाने बोंबलला, आई टॉवेल घेऊन धावली, बाबा अंघोळीतून ओले बाहेर आले आणि सगळे एका नडगीकडे बघत मोरीच्या दारात उभे राहिले. पुन्हा कर, पुन्हा कर! चौदा वेळा केलं. पंधराव्याला दमलो, झोपलो.

आज नोव्हेंबर आहे. पाऊल वर येतं. चालताना फटक होत नाही. गाडी रस्त्यावर चालवतो आम्ही, गिअर पडतात, जरा उशिरा. गेल्या महिन्यात के. आर. पुरमचा पोरगा रघुपतीच्या गाडीवर धावला. आम्ही तारेच्या कुंपणाबाहेर उभे राहून बघितलं. तो डाव्या वळणावर पाय काढायचा तेव्हा मी इथे आपसूक आखडायचो.

गणेशजयंती पुन्हा येईल. बाबांनी पाट माळ्यावर टाकलाय, स्वतःच, न बोलता. तुमच्याही घरी पाट असेल, नियम असेल आणि उशी लावून बसलेला कोणीतरी वडीलधारा असेल. मुंग्या आल्या की पाय हलवा. त्याला विचारू नका. तो पाय त्याचा नाही.

अंगठा अजून वर येत नाही. मल्हारला पुढच्या महिन्यात एकवीस पूर्ण होतील. संघात जागा एकच होती, ती गेली.